लुईसमामाचा चीज बोर्ड

वसईतल्या आमच्या वटार गावात कुणाच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते, कुणाच्या भिंतीवर पोराचा पदवीचा फोटो. लुईसमामाच्या भिंतीवर दोन्ही होते आणि त्यांच्या मधोमध एक लाकडी फळी टांगलेली होती. हातभर लांब, अरुंद, एक टोक गोल. घरी आलेल्या माणसाने चपला काढायच्या आत मामा सांगायचा, "तो चीज बोर्ड. बोटीवरचा."

लुईस माझ्या आईचा धाकटा भाऊ. अठ्ठावीस वर्षं मोठ्या प्रवासी बोटींवर नोकरी केली. पँट्रीत, म्हणजे गोऱ्या साहेबांची ताटं सजवायच्या खात्यात, असं तो सांगायचा. नव्व्याण्णव साली कायमचा घरी आला आणि आम्हा सगळ्यांना चीज न खाताच त्याचं अपचन झालं. निळ्या बुरशीचं चीज, भोकाभोकांचं चीज, बकरीच्या दुधाचं चीज. कुठलं कुणाशेजारी बसवायचं, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे तो गावातल्या भाऊबंदांबद्दल बोलावं तसं बोलायचा. शेवटी ठरलेलं वाक्य असायचं, "काय सांगू, कष्टाचं चीज झालं बघ." आणि स्वतःच हसायचा. मी शाळेत मराठी शिकवते. हा विनोद पहिल्यांदा मला आवडला होता. चारशेव्यांदा ऐकताना हातातली सुरी खाली ठेवावी लागली.

कार्मिनमामी मात्र कधी काही बोलायची नाही. त्या अठ्ठावीस वर्षांत केळीची वाडी तिने सांभाळली, शेल्डनला वाढवलं, दर वर्षी केळी सोलून उन्हात त्यांची सुकेली वाळवली. मामाची गोष्ट रंगात आली की ती उठून केळ्यांना उन्हात पालथं घालायला जायची.

दोन हजार एकच्या जानेवारीत शेल्डनचं जमलं. मुलगी शेजारच्या गिरीज गावची, जीना. दोघं चर्चच्या गायनवृंदात गात होती आणि गाता गाता त्यांचं बाकीचंही सुरात आलं होतं. आता तिचे आईवडील घर बघायला यायचे होते. बोलणी करणारा आग्नेल हा मामाचा शेजारी. रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "लुईस, ते चारला येतात. मी तुझ्या चीज बोर्डाचं एवढं सांगून ठेवलंय, की जीनाचा बाप व्हिन्सेंट म्हणाला, आम्हाला तोच खायला घाला. तोही बोटीवरचाच ना. तुझ्याच कंपनीत चीफ स्टुअर्ड होता, पँट्री सगळी त्याच्या हाताखाली."

मामाचा चेहरा वाळत घातलेल्या केळ्यासारखा आक्रसला.

"माणूस कडक आहे," आग्नेल सांगत राहिला. "मुलीचं मागचं स्थळ त्याने का मोडलं ठाऊक आहे? मुलगा बीकॉम नापास होता आणि पास सांगितलं होतं. तो म्हणाला, नापास चालला असता, थापाड्या नको."

आग्नेल गेला. मामा खुर्चीत बसला. पाणी मागितलं, प्यायला नाही. मग मला म्हणाला, "बाय, स्टेशनला जाऊन चीज आण."

"कुठलं? बकरीचं?"

"मिळेल ते."

वसईत तेव्हा तीन प्रकारचं चीज मिळायचं. डब्यातलं, चौकोनी वड्यांचं आणि पातळ स्लाइसचं. तिन्ही एकाच चवीचं. मी तिन्ही आणलं आणि ओट्यावर मांडून म्हटलं, "हे निळ्या बुरशीचं नाही. बुरशी हवी असेल तर मामीने मागच्या पावसात पाव ठेवला होता तसा ठेवायला लागेल." मामी तोंडाला पदर लावून मागीलदारी गेली. मामा हसला नाही, तेव्हा मला पहिल्यांदा संशय आला. लुईसमामा न हसण्यातला माणूस नव्हता.

त्याने भिंतीवरून फळी काढली, पुसली, टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत उभा राहिला. डबा फोडताना त्याचं बोट कापलं. चीजचा गोळा कापायला गेला तर त्याचा भुगा झाला. अठ्ठावीस वर्षं हेच केलेला माणूस सुरी धरत होता ती कोयता धरावा तशी.

"मामा, तू पँट्रीतच होतास ना?"

"हात सुटलाय," तो म्हणाला. "तू जा. देवाला प्रार्थना कर."

मी गेले नाही. दाराआड उभी राहिले. शिक्षक असल्यामुळे मला हे पाप वाटत नाही. मामाने स्लाइसचं पाकीट उघडलं. वाटीत पाणी घेतलं, बोटं बुडवली आणि स्लाइसवर टपटप पाणी शिंपडलं. तळव्याने स्लाइस सपाट केली. एक कोपरा दुमडला, दुसरा दुमडला, मग नखाने अशी सरळ कड काढली की कोट शिवणाऱ्याने बघत राहावं. एक ताठ होती, दुमडत नव्हती. तिच्यावर त्याने गरम पाण्याचा तांब्या टेकवला आणि पुढून मागे, मागून पुढे असा हलकेच फिरवला.

माझं लक्ष फळीकडे गेलं. अरुंद, एक टोक गोल. त्या टोकाशी एक तपकिरी डाग होता. कुणीतरी गरम डिश ठेवली होती, असं मामा सांगायचा. पण डिश गोल असते, आणि हा डाग पुढे टोकदार होता. कडेने बारीक खिळ्यांची भोकं होती. त्यात म्हणे चीजच्या नावांचे छोटे झेंडे खोचायचे. मी आत गेले.

"मामा, ही शर्टाच्या बाहीला इस्त्री करायची फळी आहे. भोकं आहेत ती कापड ताणून खिळे मारल्याची."

मामाने तांब्या खाली ठेवला. "लाँड्रीत होतो," तो म्हणाला. "पहिल्या सुट्टीला आलो तेव्हा गावात सगळे विचारायला लागले. कुणी इंजिनात, कुणी पँट्रीत. मी काय सांगणार, साहेबांच्या चड्ड्या-बनियन धुतो? एकदा बोललो आणि मग मागे कसं फिरणार? पोराचं लग्न मोडलं तर मी काय तोंड दाखवू ग? आणि कार्मिनला काय सांगू?"

खरं सांगते, मला त्याची कीव आली. त्याहून जास्त राग आला. चारशे वेळा तो विनोद ऐकला होता मी. "आता झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हटलं. "काय जमतंय ते कर."

त्याला जे जमत होतं तेच त्याने केलं. स्लाइसचे चौकोनी रुमाल, त्रिकोणी रुमाल, खिशात खोचायचा असतो तसा तीन टोकांचा रुमाल. मधोमध मामीची सुकेली, कॉलरसारखी गुंडाळून. वड्या बटणांसारख्या एका ओळीत. डागावर डब्यातल्या चीजचा भुगा. खोटं कशाला बोलू, फळी देखणी दिसत होती.

बरोबर चारला पाहुणे आले. व्हिन्सेंट उंच, पांढऱ्या शर्टाचा, मोजकं बोलणारा. सोबत बायको आणि जीना. शेल्डनने फळी आणून टेबलावर ठेवली, तसा मामा तसबिरीखाली जाऊन उभा राहिला. व्हिन्सेंटने एक रुमाल उचलला. खाल्ला नाही. त्याची कड बघितली, उलटा करून बघितला. मग बोटाने भुगा बाजूला सारला आणि डाग बघितला. मग फळीच्या कडेवरून, त्या भोकांवरून बोट फिरवलं. शेल्डनला काहीच ठाऊक नव्हतं, तो बिचारा म्हणाला, "त्यात झेंडे लावतात."

"लाँड्री," व्हिन्सेंट म्हणाला.

मामाने मामीकडे बघितलं. व्हिन्सेंटकडे नाही, पोराकडे नाही, तिच्याकडेच. "कार्मिन," तो म्हणाला, "मी पँट्रीत कधीच नव्हतो."

"ठाऊक आहे," मामी म्हणाली. "पहिल्या सुट्टीला आलात तेव्हा तुम्हाला अंडं उकडता येत नव्हतं. पण माझ्या चर्चच्या लुगड्याला अशी इस्त्री केलीत, की तीन रविवार मोडली नाही."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तुम्हाला सांगण्यात एवढी मजा येत होती."

शेल्डनने डोळे मिटून घेतले होते. जीना आपल्या बापाकडे बघत होती. मला त्या माणसाच्या तोंडून 'थापाड्या' हा शब्द केव्हा पडतो याचीच भीती होती. व्हिन्सेंटने तो रुमाल तोंडात टाकला, सावकाश चावला, वर सुकेलीचा तुकडा घेतला.

"मी चोवीस वर्षं पांढरा कोट घातला," तो म्हणाला. "रोज सकाळी दारामागे कडक घडीचा तयार असायचा. खाली लाँड्रीत तो कोण करतो, हे मी एकदाही विचारलं नाही. लोक मला सलाम करायचे, तो निम्मा त्या कोटाला असायचा." मग त्याने मामाकडे वळून बघितलं. "थापा मारल्यात, ते मला आवडलेलं नाही. पण बायकोसमोर कबूल केलंत. मागच्या स्थळाने तेवढंही केलं नव्हतं."

बोलताना त्याने हात पुढे केला होता. रिक्षातून येताना त्याच्या शर्टाचा कफ चुरगळला होता. मामाचा हात आपोआप पुढे गेला, अंगठ्याने कफ ओढून त्याने सरळ केला, आणि आपण काय केलं ते कळून एकदम मागे घेतला.

"मागे कशाला घेता?" व्हिन्सेंट म्हणाला. "मे महिन्यात लग्नाला माझा कोट मी इस्त्रीला दुसऱ्या कुणाला देणार नाही."

शेल्डनने डोळे उघडले. मामाच्या ओठांवर ते कष्टाच्या चीजचं वाक्य मला आधीच दिसत होतं, आणि तो उघडणारच होता तोंड, एवढ्यात मामीने बशा पुढे सरकवल्या.

"मग ते चीज संपवा सगळ्यांनी," ती म्हणाली. "आणि फळी मोकळी करा. लग्नाच्या माझ्या लुगड्यालाही इस्त्री व्हायची आहे."