टोपणदादा आणि साहेबांचे दोन डोळे

टोपणदादा राम राम घालत नसे. "टोपन कोठे शे?" हाच त्याचा राम राम. फायबरच्या वायरीच्या तोंडावरचं इवलंसं प्लास्टिकचं टोपण कुणी उघडं ठेवलं की दादा तिथेच त्याची आई-बहीण काढायचा. शर्टाच्या खिशात त्याच्या मूठभर टोपणं कायम.

खांडबाऱ्याला आम्ही दोघं एकाच ठेकेदाराकडे फायबर, म्हणजे उजेडावर इंटरनेट नेणारी काचेची वायर, जोडायचो. सुरक्षेच्या नावाने ठेकेदाराने काय दिलं? भिंतीवर एक पोस्टर. इंग्रजीत! कामावरचे बाकी सगळे कनेक्टर, म्हणजे वायरीचं जोडायचं टोक, फुंकर मारून साफ करायचे. दादा खेकसायचा, "चहा शे का तो भो, फुकी ऱ्हायना?"

आमच्या गावांत लाईट आली का, ते माणूस वर बल्बकडे बघून ठरवतो. त्याच सवयीने लोक फायबरला डोळा लावतात. पण मॉड्यूलच्या डबीतून फायबरमध्ये सुटणारा हा लेझरचा उजेड दिसत नाही, आणि न दिसताच डोळा जाळतो. दादा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा, "मॉड्यूल दुसरं भेटी. डोळा भेटाव नही."

तपासणीच्या दिवशी ठेकेदाराचे साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, मागे फोटो काढणारे. लांब पल्ल्याची दोन मॉड्यूल खोलीतल्या खोलीत हातभर वायरीने जोडून दाखवायची होती. दादा आडवा आला. "साहेब, हाई ऐंशी किलोमीटरनं शे. मधमा ॲटेन्युएटर लावनं पडी." ॲटेन्युएटर म्हणजे प्रकाशाचा जोर कमी करणारा बोटाएवढा तुकडा. साहेबांनी तो मागवलाच नव्हता.

"मला शिकवतोस?" म्हणत त्यांनी स्वतःच जोडलं. जास्तीच्या उजेडाने समोरचं मॉड्यूल तिथल्या तिथे जळालं. मग या शहाण्याने चालू वायर उपसली आणि "लाईट येतेय का बघू" म्हणून थेट डोळ्याकडे नेली. दादाने ती हिसकावली, टोपण बसवलं. म्हणाला, "आंधया व्हई जाशी, येडा!" फोटोवाले हसले. तिथेच दादाची नोकरी गेली.

पत्रात कारण होतं: 'मॉड्यूलची निष्काळजी हाताळणी व वरिष्ठांशी उद्धट वर्तन.' लाज नावाची वस्तू ही माणसं मागवतच नाहीत.

काम शोधायला दादा सुरतेच्या गाडीत बसला. खिडकीतून त्याने खिसा माझ्या ओंजळीत रिकामा केला. "लाव," एवढंच म्हणाला.

आम्ही कामावरच्यांनी डोळा सांभाळायचं पत्रक काढलं, अहिराणीत, आणि त्या इंग्रजी पोस्टरवरच चिकटवलं. मथळा: 'टोपन कोठे शे?' परवा साहेबांनी ते उभं राहून सगळं वाचलं. दोन्ही डोळ्यांनी.