मामांची बिननावाची फाइल

म्युनिकच्या आसपास एखाद्या मराठी माणसाची नोकरी गेली आणि त्याने ती बातमी आमच्या मामांना कळवली नाही, तर त्याची नोकरी रीतसर गेली असे कोणी मानत नाही. हे मामा माझ्या बायकोचे सख्खे मामा. पण त्यांना मामा म्हणण्याचा हक्क आता आमच्याकडे राहिलेला नाही. उंटरश्लाइसहाइमपासून गार्चिंगपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात, आणि त्यात त्यांच्याहून वयाने मोठे असलेले दोन गृहस्थही आहेत. तीस वर्षांपूर्वी नाशिकहून आलेला हा माणूस एका सॉफ्टवेअर कंपनीत चाचण्यांचे अहवाल लिहीत असे. ती त्यांची नोकरी होती. त्यांचे खरे काम म्हणजे दुसऱ्यांच्या गेलेल्या नोकऱ्या सरकारदरबारी नीट नोंदवून देणे. ज्याची नोकरी गेली तो रडवेला होऊन फोन करी आणि मामांचा आवाज ऐकून त्याला वाटे की आपल्याला मुलगा झाला असावा, इतका त्यांना उत्साह येत असे.

त्यांच्या दिवाणखान्यात एका भिंतीला छतापर्यंत फळ्या आहेत आणि त्यांवर जाड पाठीच्या, दोन कड्यांच्या फाइली. त्यांना इथे ओर्डनर म्हणतात. मामा फाइल विकत आणण्याआधी तिच्या पाठीवर लावायची चिठ्ठी लिहून तयार ठेवतात. विजेचे करार वेगळे, दातांचे डॉक्टर वेगळे, आणि सगळ्यात वरच्या फळीवर नोकरी गेलेल्या माणसांच्या फाइली, प्रत्येकावर नाव आणि वर्ष. मूळ कागद ज्याचे त्याच्याकडे, मामांकडे प्रती. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत कागदाला भोके पाडायचा पंच कायम असतो. कागदाला मधोमध घडी घालायची, ती पंचाच्या मधल्या बाणाशी बरोबर जुळवायची, एक डोळा मिटून बघायचे आणि मगच दांडा दाबायचा, असा त्यांचा शिरस्ता. एकदा आमच्याकडे बायकोच्या चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका आली. मामांनी ती वाचली, घडी घातली आणि बोलता बोलता पंचात सरकवली. वरच्या भोकात 'चि.' गेला आणि खालच्या भोकात 'चि. सौ. कां.' गेली. मामी म्हणाल्या, "अहो, अजून लग्न लागायचंय त्यांचं!" मामा शांतपणे म्हणाले, "म्हणूनच फाइलला लावतोय. तारीख हरवायला नको."

बेकारभत्त्यासाठी जिथे नाव नोंदवायचे त्या सरकारी कचेरीला सगळे अर्बाइट्सआम्ट म्हणतात. आता ही नोंदणी मोबाइलवरूनही होते, पण मामांचा त्यावर विश्वास नाही. "मोबाइलवर शिक्का उमटतो का?" एवढाच त्यांचा सवाल. कचेरी उघडायच्या चाळीस मिनिटे आधी ते दारात हजर असत. हातात चहाचा थर्मास, डब्यात मामींच्या तिखटमिठाच्या पुऱ्या. ज्याची नोकरी गेली आहे त्याच्या घशाखाली पुरी उतरत नसे, पण मामा खायला लावत, कारण त्यांच्या मते उपाशी माणूस फॉर्मवर जन्मतारीख चुकवतो. आत एक ठरावीक बाई असत. चष्मा, करड्या रंगाचे आखूड केस आणि खिडकीत एक निवडुंग. त्यांच्या टेबलासमोर अर्जदाराची खुर्ची आणि भिंतीला टेकून सोबत आलेल्या माणसाची दुसरी. ती भिंतीकडची खुर्ची मामांची. आत जाताच मामा आधी निवडुंगाची चौकशी करत. बाईंनी इतक्या माणसांच्या तोंडून 'मामा, मामा' ऐकले होते की ते त्यांचे आडनाव आहे अशी त्यांची समजूत झाली होती. त्या हसून, पुढे श्रीयुत या अर्थाचे 'हेर' लावून विचारत, "हेर मामा, आज कोणाला आणलंत?"

मलाही त्यांनी असेच एकदा नेले होते. आमच्या कंपनीने एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरचे सगळे लोक नकोसे झाल्याचे जाहीर केले आणि मी तिसऱ्या मजल्यावरचा. घरी येऊन बायकोला सांगितले, तिने मामांना फोन लावला. वाईट झाले, काळजी करू नका, असले काही मामा म्हणाले नाहीत. त्यांनी विचारले, "जावईबापू, किती वाजता सांगितलं तुम्हाला?" भाचजावई म्हणून ते मला अहोजाहो करतात, ओरडायचे असले तरी अहोजाहोच. मी म्हटले, साधारण अडीच. "साधारण नको. तिथून तीन दिवस मोजायचे. तीन दिवसांत नाव नोंदवलं नाही तर एक आठवड्याचा भत्ता बुडतो. आणि सही केलीत का कुठे?"

मी सही केली नव्हती. त्याचे श्रेयही मामांचेच. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आरती आणि प्रसाद यांच्या मधे त्यांनी दहा मिनिटे मागून घेतली होती आणि भरल्या सभागृहात नोकरी कशी घालवावी यावर भाषण केले होते. त्यांचे म्हणणे असे की कंपनी आपल्याला काढत नाही, ती एक करार पुढे करते. त्यावर सही केली की आपण राजीखुशीने गेलो असा अर्थ लागतो आणि भत्ता बारा आठवडे अडकतो. "आणि आपला माणूस सही का करतो? जर्मन येत नाही म्हणून? नाही! समोरचा साहेब अवघडलेला दिसतो म्हणून! त्याची बिचाऱ्याची सुटका व्हावी म्हणून आपण सही करतो. तेव्हा लक्षात ठेवा. कॉफी प्यायची, सही करायची नाही. कागद घरी आणायचा." मोदकाकडे डोळे लावून बसलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. पण मला ते नेमके वेळेवर आठवले. कंपनीत माझ्यापुढे करार ठेवणाऱ्या बाईंचे डोळे पाणावले होते, मी त्यांनाच धीर देत होतो आणि पेन माझ्या हातात आले होते. मी कॉफी प्यालो आणि कागद घरी आणला. पुढे पाच महिन्यांनी मला दुसरी नोकरी लागली तेव्हा मामा थोडे हिरमुसले. माझी फाइल त्यांच्या मते फार बारीक राहिली.

गेल्या वर्षी एका बुधवारी दुपारी मामींचा फोन आला. "जावईबापू, जरा येऊन जाता का? हे घरूनच काम करतायत म्हणतात, पण काम करताना दिसत नाहीत. आणि दोन दिवस झाले, पंच पिशवीतून बाहेर आलेला नाही." दुसऱ्या कोणाच्या घरातून असा निरोप आला असता तर मी हसलो असतो. मी लॅपटॉप मिटला आणि निघालो.

मामा खिडकीशी बसले होते. मला बघून "या, या" म्हणाले आणि पुन्हा बाहेर बघू लागले. मामी चहा टाकायला आत गेल्या. माझी नजर सवयीने फळ्यांवर गेली. वरच्या फळीवर माझ्या फाइलीच्या शेजारी एक नवी कोरी फाइल होती आणि तिच्या पाठीवर काहीच लिहिलेले नव्हते.

"मामा, ही कोणाची?"

"कोणाची नाही. रिकामी आहे."

मी ती खाली काढली. आत एकच कागद नुसता ठेवलेला होता, भोके न पाडता. तो कंपनीशी केलेला करार होता. त्याच्या तळाशी, मोत्यासारख्या अक्षरात, मामांची सही होती.

वाईट झाले म्हणावे तर मामांना ते आवडले नसते. शेवटी मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "मामा, किती वाजता सांगितलं तुम्हाला?"

ते खिडकीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "सोमवारी. दहा वाजून वीस मिनिटांनी."

"आणि कॉफी?"

"साहेबानं स्वतः आणली हो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. साखर किती तेसुद्धा विचारलं." मामा जरासे हसले. "आमचा अख्खा विभाग बंद होतोय. त्याचं स्वतःचंही काही खरं नाही. तो कागद माझ्याकडे सरकवायला त्याला धीर होईना, जावईबापू. नुसता हातात धरून बसला होता. मग मीच ओढून घेतला."

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. पुन्हा नोकरी मिळण्याची आशा थोडी, मामी घरी, आणि भत्ता तर आता सहीमुळेच अडणार. निदान नाव तरी वेळेत नोंदवायला हवे होते, आणि तिसरा दिवस उद्याचा. हे सगळे मला ज्यांनी शिकवले त्यांनाच ते सांगण्याची पाळी माझ्यावर आली. मामा म्हणाले, "मला ठाऊक आहे. काल गेलो होतो. दारापर्यंत गेलो. त्या बाई विचारतील, हेर मामा, आज कोणाला आणलंत? मी काय सांगू? परत आलो."

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त त्यांची माया वाटली. हे मी त्यांना बोलून दाखवले नाही. मी त्यांच्या पिशवीतून पंच काढला, करार त्यात घातला आणि दांडा दाबला. घडी नाही, बाण नाही, काही नाही. भोके चुकीच्या जागी पडली आणि कागद फाइलीतून बोटभर वर आला. एरवी अशा कागदापायी त्यांनी मला पुन्हा बालवाडीत घातले असते. त्या दिवशी त्यांनी तो नुसता पाहिला. मी म्हटले, "उद्या सकाळी मी येतो. पुऱ्या मामींना सांगून ठेवा."

गुरुवारी आम्ही चाळीस मिनिटे आधी दारात होतो. मी पुरी पुढे केली. त्यांनी ती खाल्ली, पण किती वेळ चघळत होते. आत गेल्यावर मामा सवयीने भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसले आणि दुसरी खुर्ची उरली नाही म्हणून मी अर्जदाराच्या खुर्चीत बसलो. बाईंनी मला ओळखले. "तुम्ही पुन्हा?" असे सहानुभूतीने म्हणाल्या आणि मग मामांकडे वळून, "हेर मामा, निवडुंगाला यंदा फूल आलं बघा." मामांनी निवडुंगाकडे बघितलेसुद्धा नाही. मी रात्री पाठ केलेले जर्मन वाक्य ऐन वेळी गायब झाले.

तेवढ्यात मामा उठले. "जावईबापू, उठा," ते म्हणाले. मी उठलो. ते माझ्या जागी बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाले, "आज मी मलाच घेऊन आलोय."

बाईंनी चष्मा काढला. मग त्यांनी ओळखपत्र मागितले आणि त्यावरचे नाव अडखळत, एकेक अक्षर सुटे करून मोठ्याने वाचले. "म्हणजे हे तुमचं नाव?"

"गेनाऊ," मामा म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर.

मी भिंतीकडच्या खुर्चीत बसलो. फॉर्मवर एक रकाना होता, करारावर सही का केली त्याचे कारण लिहायचा. मी मागून म्हटले, "विभाग बंद होणार होता, असं लिहा. नाहीतरी काढलंच असतं, असं लिहा." मामांनी ते सगळे मुद्देसूद लिहिले. मग पेन उचलून म्हणाले, "कॉफीचं लिहू?" मी नको म्हटले. त्यांनी लिहिले. साहेबाने कॉफी स्वतः आणली होती, एवढे एकच वाक्य. बाईंनी ते वाचले, तसेच राहू दिले आणि शिक्का मारला.

विभाग बंद होत असल्याचे कंपनीने लेखी दिले आणि भत्ता अडला नाही. निर्णयाचे पत्र आले तेव्हा मामांनी पाकीट न फोडता मला बोलावले. मी फोडून वाचून दाखवले. ते "बरं झालं" म्हणाले आणि मामींना चहा टाकायला सांगितला. नोकरी त्यांना पुन्हा मिळाली नाही, आणि आता ते त्याबद्दल बोलतही नाहीत. लोकांच्या नोकऱ्या अजून जातात, फोन अजून येतात, मामा अजून वेळ विचारतात. पण त्यांच्या आवाजात तो जुना उत्साह आता येत नाही. मला तो ऐकायला आवडायचा, हे तो गेल्यावर लक्षात आले. कोणी घरी आले तर मामा आधी आपलीच फाइल खाली काढतात आणि सही दाखवतात. फाइलीच्या पाठीवर आता चिठ्ठी आहे, नाव आणि वर्ष.

मागच्या रविवारी ती फाइल माझ्या हातात आली. पहिला कागद अजून बोटभर वर डोकावत होता. मी म्हटले, "मामा, द्या, नीट भोकं पाडून देतो. बाण जुळवून."

"राहू द्या," मामा म्हणाले. "त्या दिवशी माझ्या हातून ती भोकं पडलीच नसती."

आणि त्यांनी फाइल घेऊन पुन्हा माझ्या फाइलीशेजारी ठेवली.