रूथबाईंचे शुक्रवार

जालन्याहून रूथबाईंच्या भाच्याचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी नुकतीच शाळेत शिकवून घरी पोचले होते. ‘मावशी झोपेतच गेल्या,’ एवढंच त्यात होतं. मी ते आईला वाचून दाखवलं. तिनं ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग म्हणाली, “जवळ कुणी व्हतं का? तसं काय लिव्हलंय का?” तसं काही लिहिलेलं नव्हतं... या गोष्टीला आता महिना होत आला.

रूथबाई साळवे आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. देवगाव फाट्यावर उतरून तासभर चाललं की आमचं गाव लागतं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्या एकट्याच राहायच्या. गावात ख्रिस्ती घर तेवढंच. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात आमची बौद्धवस्ती जाळली. मी तेव्हा दहावीत होते, शाळेसाठी आत्याकडे राहत होते, म्हणून वाचले. माझे वडील गवंडी होते. पेटलेलं छप्पर त्यांच्या उजव्या हातावर कोसळलं. आई त्यांना घेऊन दवाखान्यात गेली, तर दार बंद. सेलूच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. बोटं एकमेकांना चिकटली, ती कायमचीच. त्या हातात पुन्हा थापी आली नाही. रूथबाई चार दिवसांनी सगळ्यांना सांगत होत्या, “मी जालन्याला गेले होते.” लोकांना ते पटलं. मलाही पटलं.

पुढच्या फाल्गुनात एका शुक्रवारी दुपारी त्या आमच्या नव्या पत्र्याच्या घरी आल्या. वडिलांचा हात मांडीवर घेतला, तेल लावून एकेक बोट चोळू लागल्या. पुढच्या शुक्रवारी पुन्हा आल्या. उन्हाळा तापेपर्यंत हे चाललं, मग एकदम थांबलं. वर्षभर फिरकल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. एरवी नाही आणि नेमक्या याच दिवसांत का, हे माझ्या डोक्यातून जाईना. वस्तीत कुजबुज होती की बाई बाटवायला येते. मला तर त्याहून वाईट शंका यायची, की आमच्याकडे कोण येतं, काय बोलतं, हे वस्ती जाळणाऱ्यांना जाऊन सांगत असतील. एकदा त्या हात धुवायला गेल्या तेव्हा मी त्यांची पिशवी उघडली. तेलाची बाटली, पट्ट्या आणि बायबल. बस्स.

आईनं त्यांना तोंडावरच सांगितलं होतं, “आमी एकदा धर्म बदललाय बाई. आता परत न्हाई.”

“मी कुठं म्हणतेय?” रूथबाई हसल्या होत्या. आईनं चहा पुढे केला तर म्हणाल्या, “आमचा लेंट चालू आहे. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवस. शुक्रवारी दिवसभर मी काही घेत नाही. या दिवसांत माणसानं स्वतःकडं बघायचं असतं.”

“मग आमच्या घरी येऊन काय बघता?” मी पटकन बोलून गेले. त्यांचा चेहरा उतरला. त्या खाली बघूनच बोट चोळत राहिल्या. वडीलच मला रागावले, “बोटाला बरं वाटायलंय. येऊ दे बाईला.”

अशी सात-आठ वर्षं गेली. एका दिवाळीनंतर वडील वारले. वाटलं, आता संपलं. पण त्या वर्षीही त्या आल्या. सगळे शुक्रवार आल्या, ओट्यावर बसल्या आणि गेल्या. शेवटचा आला तो शुभ शुक्रवार, येशूला क्रुसावर दिलं तो दिवस. आई सुपात तूर निवडत होती. माझा संशय पुन्हा जागा झाला होता. “आता कशासाठी येता बाई? हात तर राहिला नाही,” मी म्हणाले.

त्या उठल्या. आईसमोर उभ्या राहिल्या. “अक्का, मी त्या दिवशी आत होते. कडी लावून बसले होते. तुमचा आवाज ओळखला होता मी.”

आईचा हात सुपातून हलला नाही. “म्हाईत हाय. तुमच्या चपला बाहेरच व्हत्या.”

रूथबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. “भ्याले होते. वाटलं, तुम्हाला आत घेतलं तर माझंही घर जाळतील.”

“जाळलं असतं,” आई म्हणाली. “पर उगडाय पायजे व्हतं.”

त्या गेल्यावर मी आईवर उसळले. माहीत होतं, तर इतकी वर्षं तिला घरात येऊ का दिलं? आई म्हणाली, “सांगती का न्हाई, तेच बघायलते.” थोड्या वेळानं सुपाकडे बघत म्हणाली, “तुझ्या बाला मी सांगितलं न्हाई. त्यानं तिच्या हातात हात दिला नसता.”

मी वर्षानुवर्षं पाळत ठेवली ती भलत्याच गोष्टीवर... माझ्याच घरातलं मला कळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ईस्टर. येशू पुन्हा उठला, असं त्यांचं मानणं. सकाळी आई पांढरं लुगडं नेसली आणि एकटीच दवाखान्याकडे निघाली. जाळपोळीनंतर ती तिथली पायरी चढली नव्हती. ताप आला तरी वालूर गाठायची. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, त्या दिवशीही नाही. रूथबाईंनी विचारलं तेवढं सांगितलं, गुडघे दाखवले, बाकावर बसली आणि परत आली. मग दर शुक्रवारी जाऊ लागली, बाई रिटायर होऊन जालन्याला जाईपर्यंत.

सध्या लेंट चालू असावा. विद्यापीठाचं नाव अजून बदललेलं नाही. मागच्या शुक्रवारी आई पुन्हा दवाखान्यात गेली तेव्हा मीही सोबत गेले. आता तिथं हिंगोलीकडची एक तरुण नर्स आहे. तिनं आईला बाकावर बसवून विचारलं, “आजी, कुठं दुखतंय?”

“कुटंच न्हाई,” आई म्हणाली. “बसते जराशी.”