सरकारी दवाखान्यातला माणूस

स्वतःच्याच घरात, आतल्या खोलीचं दार वाजवून "येऊ का आजी?" असं विचारणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. रोज सकाळी. सिडकोत आमची दारं समोरासमोर.

बायको एसटीत कंडक्टर, तिची पहाटेची नांदगाव गाडी. हा सातपूरला कारखान्यात, दुपारपाळी मागून घेतलेली. आणि आतल्या खोलीत तिची आई. लासलगावकडची. एक बाजू लुळी पडली म्हणून लेकीकडे आणलेली.

आता अडचण बघा. म्हातारी जुन्या वळणाची. जावई समोर आला की पदर डोक्यावर. त्याच्या हातचं पाणी घ्यायचं नाही, मग लघवीचं भांडं लावून घेणं तर लांबच. लेक दुपारी येईपर्यंत घोटभर पाणी पीत नसे, म्हणजे पुढचा प्रश्नच नको. त्यापायी ताप चढला. मी बसते म्हटलं, पण माझे गुडघे मलाच उचलत नाहीत, तिला कुठून उचलणार?

शेवटी लेकीनं राजीनामा लिहिला. यानं तो वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "दोन दिवस थांब. शर्ट आणतो."

मला वाटलं, पोराचं डोकं फिरलं.

शर्ट आणला. आकाशी, वॉर्डबॉय घालतात तसा. गळ्यात कारखान्याचं कार्ड, उलटं करून. दार वाजवलं. मी वाटीभर विरजण मागायला म्हणून तिथेच उभी.

"येऊ का आजी? सरकारी दवाखान्यातून आलोय."

म्हातारीचे डोळे चांगले शाबूत, मोतीबिंदूसुद्धा काढलेला. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. पदराला हात लावला नाही.

"मंग हात धुवा आधी," म्हणाली.

राजीनाम्याच्या पाठीवर त्या संध्याकाळी वाणसामानाची यादी लिहिली गेली.

तेव्हापासून पाणी, भांडं, अंग पुसणं, वेणी, सगळं हाच. वेणी वाकडी यायची. "तुमच्या दवाखान्यात शिकवत नाय का काही?" ती विचारायची. बारा वाजता आकाशी शर्ट खुंटीला. साधा सदरा घालून तोच माणूस आत गेला की पदर डोक्यावर.

"जावईबापू! लय दिवसांनी दिसले."

"ड्युटी होती, मामी."

बिल्डिंगमधले कमी नाहीत. "बायको तिकडं तिकिटं फाडते, हा इकडं चादरी पिळतो!" तो चादर झटकत म्हणायचा, "दोन्हीकडं ड्युटीच." चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

तीन वर्षं असं चाललं. मग म्हातारीचं खाणं सुटलं. एका सकाळी तो वेणी घालत होता, मी पायाशी बसलेली. तिनं चांगल्या हातानं त्याचं कार्ड धरलं.

"दवाखानेवाले, आमच्या जावयाला निरोप द्याल? त्यांच्यासमोर मला बोलवत नाय."

"सांगा, आजी."

"म्हणावं, माझ्या लेकीची नोकरी तुम्ही राखली. पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं केलं."

"सांगतो," म्हणाला. वेणी पुरी केली. नेहमीसारखीच वाकडी.

चौथ्या दिवशी ती गेली. यंदा लेकीची सिन्नरला बदली झाली, बिऱ्हाड हललं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "काय रे, तिचा निरोप दिलास का जावयाला?"

"दिला, काकू," तो दोरी आवळत म्हणाला. "बिचारा दोन दिवस जेवला नाही."