तळ्यात, मळ्यात आणि खालची पहिली

आमच्या शाळेला मैदान नव्हते. कसब्यातल्या एका जुन्या दुमजली इमारतीत ती भरे आणि सोमवारी व गुरुवारी खेळाचा तास वर्गातच होई. चौथीचा आमचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. बसकरपट्ट्या गुंडाळून बाई खडूने एक लांब रेघ ओढत. पुढे तळे, मागे मळा. बाई "तळ्यात" म्हणाल्या की पुढे उडी, "मळ्यात" म्हणाल्या की मागे. चुकला तो भिंतीशी जाऊन बसे. शेवटपर्यंत जो टिके, त्याला पुढचा डाव बाईंच्या जागी उभे राहून घ्यायला मिळे.

मला हा खेळ आवडे, बहिणीच्या केसांत चुना सापडेपर्यंत.

बहीण पहिलीत होती. तिचा वर्ग बरोबर आमच्या खाली. संध्याकाळी आई तिची वेणी सोडून विंचरू लागली की फणीबरोबर पांढरे कपचे पडत. आई म्हणे, "भिंतीला डोकं घासू नकोस गं." मला ते पटेना. मी मोजू लागलो. सोमवारी तीन. मंगळवार, बुधवार शून्य. गुरुवारी पाच. शुक्रवार, शनिवार शून्य. पुढच्या सोमवारी सहा. कपचे पुडीत बांधून त्यावर आकडे लिहिले आणि पुडी दप्तरात ठेवली.

वर्गात आम्ही त्रेचाळीस. शाळेने वजने घेतली तेव्हा बहुतेकांचे चोवीस किलोच्या आसपास भरले होते. गुणाकार एक हजार बत्तीस. म्हणजे वाण्याकडची शंभर किलोची दहा पोती, एकदम उचलून एकदम टाकलेली. त्याखाली लाकडी तुळया, आणि तुळयांखाली माझी बहीण.

गुरुवारी खेळाचा तास आला तेव्हा मी चवड्यांवर, आवाज न करता उड्या मारू लागलो.

"काय हो, मळ्यात चोरी करायला शिरलात का?" बाईंनी विचारले. सगळे हसले.

"बाई, खाली पहिलीचा वर्ग आहे."

"नऊ वर्षं आहे मी इथे. कळलंय मला ते. ही इमारत तुझ्या आजोबांच्या वयाची आहे. तुझ्या उडीनं पडायची असती तर केव्हाच पडली असती. तळ्यात!"

फळ्या कुरकुरल्या. बाद होऊन भिंतीशी बसलो तर माझे चोवीस किलो वजा होतील, असे आधी वाटले. पण उरलेले एक हजार आठ उडतच राहणार होते. डाव थांबवायचा तर तो माझ्या हाती यायला हवा, आणि त्यासाठी शेवटपर्यंत उड्या मारायला हव्या होत्या. मी मारल्या. प्रत्येक उडीला खाली कोणी किंचाळते का, ते ऐकत होतो. एकतीस उरले. मग वीस. मग नऊ. शेवटी मी आणि एक उंच मुलगी. ती चुकली.

बाई बाजूला झाल्या. मी त्यांच्या जागी उभा राहिलो. सगळे पुन्हा रेघेवर आले, त्रेचाळिसातला एक कमी. सगळ्यांचे गुडघे वाकलेले.

"खाली बसा," मी म्हणालो.

"ए, ही काय उडी आहे?"

"भित्रट! बाई, याला काढा!"

बाई माझ्याकडे बघत होत्या. "डाव मोडायचा असेल तर कारण द्या, साहेब."

मी दप्तरातली पुडी काढून दिली. हे बहिणीच्या केसांतले, एवढेच बोलता आले. बाईंनी वरचे आकडे वाचले, वार वाचले, पुडी उघडली. मग जिना उतरून गेल्या. वर आल्या तेव्हा त्यांच्या पदराला पांढरे लागले होते.

"सगळ्यांनी बसून घ्या. अगदी हळू. आज टाळ्यांचा पाऊस," त्या म्हणाल्या. "एक बोट."

बेचाळीस जण तळहातावर एकेक बोट आपटू लागले. मी फळ्यांचा आवाज ऐकत होतो.

त्या संध्याकाळी फणीतून अकरा कपचे पडले. एक चार आण्याच्या नाण्याएवढा होता. पुढच्या सोमवारपासून रेघ शाळेच्या दारापुढच्या बोळात ओढली जाऊ लागली. त्या दिवशी एकही पडला नाही. मी आईला पुन्हा विंचरायला लावले.