एकदाचं मलाही कुत्रं चावलं

देश सोडून निघाले होते मी, आणि मारेगावच्या स्टँडवर गळा काढून रडली ती सोनी. सोनी म्हणजे माझी धाकटी बहीण. नागपूरची गाडी लागली, आमच्या ह्यांनी बॅगा चढवल्या, जवसाच्या चटणीचा डबा मी मांडीवर घेतला आणि मायचा हात धरावा म्हणून खिडकीतून हात बाहेर काढला. पण माय कुठे मोकळी होती! ती सोनीच्या पाठीवरून हात फिरवत होती. "उगी राह्य वो सोने, येईन नं ते वापस." जाणारी मी आणि समजूत तिची. गाडी हलली तेव्हा कुठे माय वळली आणि ओरडली, "वंदे, पोचली की फोन करजो!" नागपूर येईपर्यंत मी एक टिपूस काढलं नाही, इतका राग आला होता.

हे गावाकडच्या माझ्या माणसांनी वाचावं, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांनीही. गावाकडच्यांना वाटतं आम्ही इकडे मजेत आहोत. आम्हाला वाटतं तिकडचे मजेत आहेत. माझं म्हणणं एवढंच की आमचंच खरं आहे.

आम्ही आलो ते जॉर्जिया देशात, तिबलिसी नावाच्या शहरात. गावात बरेच जण अजूनही समजतात की वंदी अमेरिकेत आहे, आणि सोनीने तो समज मुद्दाम ठेवलाय, तिचाही भाव वाढतो ना. इथे आपल्याकडच्या पोरापोरी डॉक्टरकी शिकायला येतात. त्यांची मेस आहे. आमचे हे तिथे स्वयंपाकी आणि मी हाताखाली, म्हणजे कागदावर. फोडणी माझीच असते. इथल्या लोकांच्या भाषेत पावाला 'पुरी' म्हणतात. भट्टीतून निघालेला लांबुळका, गरम पाव, आणि नाव काय तर पुरी. पहिल्या महिन्यात मी फोनवर सहज म्हणाले, "सकाळी पुरी आणायला जावं लागते." झालं! सोनीने गावभर केलं. "आमच्या ताईची मजा हाय बाप्पा, रोज पुऱ्या खाऊन राह्यली." आपल्याकडे पुरी सणावाराला. मी किती सांगितलं की बाई, पाव आहे तो. तिला पटत नाही.

मजा कोणाची ते मला विचारा. सोनीला गावातल्या गावात दिली. तिच्या दारातून मायचं दार दिसतं. तिची लेकरं मायकडे जेवतात, मायकडेच झोपतात. डोकं दुखलं की मायच्या मांडीवर जाऊन पडते ती, चाळिशीला टेकलेली बाई! मी फोन केला की मागून तिचा आवाज असतोच. "कोण हाय? ताई काय?" मी रविवारी दुपारी केला तरी ती तिथे, सकाळी केला तरी तिथे. एकदा मी मायला म्हणाले, "सोनीले तिचं घरदार नाई काय?" माय म्हणाली, "लहान हाय वो ते." हे मी जन्मापासून ऐकतेय. ती लहान आहे. ती लहान आहे म्हणून दुधावरची साय तिची, ती लहान आहे म्हणून मायच्या कुशीतली जागा तिची.

आणि कुत्रंही तिलाच चावलं.

मी चौथीत असेन. आमच्या गल्लीतल्या एका काळ्या कुत्र्याने सोनीच्या पिंढरीला तोंड टाकलं. बाबाने तिला एसटीने यवतमाळला नेलं, तेव्हा पोटात सुया देत. प्रत्येक सुईला बाबा तिला घेऊन जायचा आणि येताना तिच्या हातात काहीतरी खाऊ असायचा. पण माझ्या जिवाला लागलं ते वेगळंच. आमच्याकडे कुत्रं चावलं की सात विहिरींत डोकावून पाहायची रीत आहे. पिसाळलेलं चावलं तर माणूस पाण्याला भितो. म्हणून चावलेल्याने सात पाण्यांत आपलं तोंड पाहायचं. सुया काही बायाबापड्या सोडत नव्हत्या, पण विहिरीही सोडत नव्हत्या. माय सोनीला कडेवर घेऊन या शेतातून त्या शेतात निघाली. प्रत्येक विहिरीवर थांबायची, तिला घट्ट धरून वाकायची आणि म्हणायची, "पाह्य माह्या सोनीचं तोंड कसं दिसते!" मी मागून चालत होते. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या काळ्या कुत्र्यासमोर जाऊन माझी पिंढरी पुढे केली. त्याने हुंगलं आणि निघून गेलं. मेलं तेही तिच्याच बाजूचं!

तर ते भाग्य मला इथे, परदेशात लाभलं.

तिबलिसीत रस्त्यावर कुत्री पुष्कळ, आणि चांगली धष्टपुष्ट. बऱ्याच कुत्र्यांच्या कानात प्लॅस्टिकचा बिल्ला असतो. आमच्याकडे बैलांच्या, गाईंच्या कानात असाच पिवळा बिल्ला मारतात. बिल्ला आहे म्हणजे जनावर कोणाचं तरी आहे, खात्यापित्या घरचं आहे, हे माझ्या डोक्यात पक्कं. मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांत, म्हणजे इथे थंडी पडायला लागली तेव्हा, मी सकाळी पुरी आणायला गेले. भट्टीच्या दारात एक बिल्लेवालं कुत्रं आडवं पडलेलं. गरीब गाईसारखं वाटलं मला. मी त्याच्यावरून पाय टाकला आणि त्याने पोटरी धरली.

माझ्या मूर्खपणाची पुढची पायरी ऐका. रक्त मोज्यात उतरतंय आणि मी त्या गल्लीत दार वाजवत फिरतेय, की हे कोणाचं कुत्रं, मालक कोण! एका म्हातारीने दार उघडलं, माझा पाय पाहिला आणि लावून घेतलं. तेवढ्यात आमच्या मेसची पायल भेटली. भंडाऱ्याची पोट्टी आहे, डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. म्हणाली, "काकू, मालक कुठला? तो बिल्ला नगरपालिकेचा असतो. कधीतरी पकडून लस दिली, नसबंदी केली, सोडून दिलं. ती लस कधीची, कोणाला माहीत? चला आधी पाय धुवा."

मेसमध्ये येऊन मी सवयीने तिखटाच्या डब्याकडे हात नेला. आमच्याकडे जखमेत तिखट भरतात. पायलने डबा ओढून घेतला आणि माझा पाय नळाखाली धरला. साबण लावायचा, वाहत्या पाण्याने धुवायचा, परत लावायचा. चांगली पंधरा मिनिटं. थंडगार पाणी, मी दातओठ खातेय आणि ती सोडेना. वरून घट्ट पट्टी नाही, हळद नाही, चुना नाही. आणि उद्या पाहू असंही नाही, लगेच दवाखाना. तिथे दंडात लस दिली, धनुर्वाताची दिली. रक्त निघालं होतं म्हणून जखमेच्या भोवती आणखी एक औषध टोचलं, त्याने मात्र माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुढच्या सुयांच्या तारखा दिल्या. बाहेर राहणाऱ्यांनो, त्या तारखा चुकवू नका आणि कुत्रं नंतर हिंडताना दिसलं म्हणून आपल्या मनाने सुया सोडू नका. मध्येच गावाकडे जावं लागलं तर लसीचं नाव आणि झालेल्या तारखा सोबत न्या, राहिलेल्या तिकडे घेता येतात. भाषा येत नसेल तर जखम दाखवा आणि भुंकून दाखवा. मी दाखवलं. नर्स हसली, पण तिला कळलं.

हे सगळं होईपर्यंत मी घाबरलेली होते. बाकावर टेकले आणि मग मनात जे आलं ते लपवत नाही. मनात आलं, आता मायला फोन करायचा. आता माझी पाळी.

मी फोन लावला. "माय, मले कुत्रं चावलं."

माय म्हणाली, "मायबाई! कुठं चावलं? सुई घेतली काय?"

माझे डोळे भरून आले. आणि मागून सोनीचा आवाज, "काय झालं वो माय? कुत्रं? मले चावलं होतं तसं काय?" बघा! चावलं मला आणि आठवण तिची. मी सांगितलं की सुई घेतली, सगळं झालं. माय म्हणाली, "सुई तं घेतली. पण इहिरीचं काय?" मी म्हणाले, इथे कुठल्या विहिरी माय, इथे नळ आहेत. माय म्हणाली, "मंग इथं पाहू. उद्या सकाळी व्हिडिओ लावजो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कांदे चिरायचे टाकून मेसच्या मागच्या पायरीवर बसले. तिकडे सोनी कापूस वेचणी सोडून फोन धरून उभी. पहिल्या विहिरीवर तिने फोन पाण्याकडे केला. मला काठ दिसला, खाली हिरवं पाणी. "दिसलं काय ताई?" ती म्हणाली. मी म्हणाले, दिसलं. माय कडाडली, "तसं नाई वो! तिचं तोंड पाण्याकडे कर."

"माय, पाणी तिले दिसून राह्यलं नं!"

"तिले पाणी दिसते, पण पाण्याले ते दिसली पाह्यजे नं! पलटव फोन."

सोनीने फोन पालथा धरला. मला नुसतं आभाळ आणि तिची हनुवटी. मग तिने कुठलंसं बटण दाबलं आणि एकदम पाणी आलं. पाण्यात एक उजेडाचा चौकोन होता, तो मी. अशा आम्ही निघालो. एका विहिरीला बोअर झाल्यावर झाकण घातलेलं, दुसरीला लोखंडी जाळी. माय म्हणाली त्या धरायच्या नाहीत. वेचणीच्या बाया धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन विचारत, "कोणाले चावलं वो?"

"आमच्या वंदीले."

"ते तं अमेरिकेत हाय नं?"

"मंग? तिथचंच कुत्रं हाय."

मायचे गुडघे दुखतात. उतारावर सोनीने तिचा हात धरला आणि मला फोनमधून फक्त ते दोन हात दिसत राहिले, हलत, एकमेकांत. मला चावलं, विहिरी माझ्या, आणि हात धरलाय कोणी? मी म्हणाले, "सोने, फोन नीट धर, मले काईच दिसून नाई राह्यलं."

तशी ती उसळली. फोन तोंडासमोर आणला. घामाघूम झाली होती. "तुले कायले दिसते! मी रोज हिच्या डोयापुढं असतो, मले तरी कुठं पाह्यते ही? भाजी केली की वंदीले आवडते. माह्या लेकराले घास भरवते अन् म्हणते, वंदी असीच खात होती. दिवसभर वंदी, वंदी. मी समोर उभी असतो नं ताई! तू तं जाऊन मोठी झाली."

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं की मी ओठ दाबून धरले. परत सांग, असं म्हणावंसं वाटलं. पण तेवढ्यात मायने पदराने सोनीचं तोंड पुसलं, "ऊन लागलं वो तिले," आणि माझं बरं वाटणं तिथेच संपलं. लोक विचारतात, घराची काय आठवण येते. मला घराची भिंत, अंगण, चूल काही आठवत नाही. मायच्या पदराचं ते टोक आठवतं आणि ते कोणाच्या तोंडावरून फिरतंय ते दिसतं. माझ्यासाठी घर तेवढंच आहे आणि ते सोनीकडे आहे.

शेवटची विहीर आमच्याच शेतातली. तिथे मायने सोनीच्या हातातून फोन घेतला. दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि काठावर वाकली. मी ओरडले, "माय, जपून वो!" तिने ऐकलं नाही. पाणी बरंच वर होतं. त्यात मायच होती, मोठी, स्पष्ट, नाकातल्या खड्यासकट. माझा चौकोन कुठे दिसतच नव्हता.

"दिसलं काय वंदे, तुह्यं तोंड?"

नाही म्हणाले असते तर ती आणखी वाकली असती. "दिसलं माय," मी म्हणाले.

"भेव वाटते काय पाण्याचं?"

"नाई वाटत."

सोनी मागून म्हणाली, "झालं नं मंग? दे फोन इकडे, चाल घरी."

माय तशीच वाकलेली. म्हणाली, "तू हो पुढं. मी येतो मागून. तिले पाहू दे जराशी."

सोनी काहीतरी पुटपुटली आणि धुऱ्यावरून गेली. कांदे चिरले की नाही म्हणून मला आतून दोनदा हाका आल्या. मी ओ दिली नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माय सोनीला पुढे पाठवून माझ्यापाशी थांबली होती.