उलटा चालणारा ट्रॅक्टर

"आधी वाट, मग चहा," असं म्हणत अक्का कानांवरून मफलर घट्ट बांधायच्या, नवऱ्याचा जुना ओव्हरकोट चढवायच्या आणि बाहेर पडायच्या. मी ठेवलेलं आधण तसंच राहायचं. बाहेर गुडघाभर बर्फ असला तरी अंगण झाडायला निघावं तशा त्या निघायच्या.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, मॅकेन्झीच्या पठारावर एका तळ्याकाठी अक्कांचं मोटेल होतं. मी तिथे चादरी धुवायला आणि खोल्या आवरायला जायचे. माझा मुलगा गावातल्या हॉटेलात शेफ. तो कामावर गेला की घरात मी एकटी, आणि इंग्रजी मला येत नाही. आईला मराठी बोलायला मिळेल म्हणून त्यानेच मला अक्कांकडे नेऊन सोडलं. दोन हजार सालानंतरची ती काही वर्षं. आपल्याकडे वटपौर्णिमा असते त्या सुमारास तिथे बर्फ पडतो, हे मला तिथे गेल्यावरच कळलं.

अक्का मूळच्या तासगावच्या. माहेरी द्राक्षबाग, लग्नानंतर न्यूझीलंडच्याच उत्तर बेटावर टौरंगाला किवीफळांची बाग. नवरा गेल्यावर ती विकून त्या इतक्या लांब थंडीत आल्या. का, असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "जन्म वेलीखाली वाकून गेला. म्हटलं, डोक्यावर नुसतं आभाळ असेल अशी जागा बघावी."

बागेतला ट्रॅक्टर मात्र त्यांनी बरोबर आणला होता. वेलींच्या मांडवाखालून जावा म्हणून तो बुटका होता. त्याच्या मागे बर्फ उडवायचं यंत्र जोडलेलं. त्यातली पाती फिरत फिरत बर्फ आत ओढायची आणि वरच्या नळीतून बाजूला लांब भिरकावून द्यायची. तुम्ही मळणीयंत्र पाहिलं असेल तर त्यातून भुसा उडतो तसंच. अक्काही तेच म्हणायच्या. "मळणीच ही. फक्त दाणा नाही, नुसतं भुसकट."

यंत्र मागे असल्यामुळे ट्रॅक्टर उलटा चालवावा लागे. मान मागे वळवून अक्का तशाच रस्त्यापर्यंत जायच्या. एकदा नळीचं तोंड फिरवायचं राहिलं आणि कॉफीचा मग घेऊन दारात उभा असलेला एक पाहुणा डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरा झाला. अक्कांनी इंजिन बंद केलं, त्याच्याकडे तिरकं बघितलं आणि म्हणाल्या, "हॅपी होळी." तो बिचारा हसत सुटला. जाताना अक्कांबरोबर फोटो काढून घेऊन गेला.

ते तिरकं बघणं म्हणजे तोरा आहे असं बऱ्याच जणांना वाटायचं. सुरुवातीला मलाही वाटलं होतं. पण अक्कांच्या डोळ्यांना मधलं दिसेनासं झालं होतं. कडेचं दिसायचं, समोर मात्र धुक्याचा गोळा. ख्राइस्टचर्चच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे बरं होणार नाही, वाढतच जाईल. माणसाचा चेहरा बघायचा तर अक्कांना मान वळवून त्याच्या कानाकडे बघावं लागायचं.

त्यांचा मुलगा ऑकलंडला, माउंट रॉस्किलमध्ये राहायचा. कॉम्प्युटरच्या कामात होता. तो फोनवर सारखं म्हणायचा, "आई, इट्स नॉट सेफ. तू इकडे ये." शेवटी दोघांत ठरलं की एक हिवाळा बघायचा. तो नीट पार पडला तर अक्का इथेच राहतील. ट्रॅक्टरने काही झालं तर मोटेल विकायचं आणि त्याच्याकडे जायचं. अक्कांनी कबूल केलं, आणि फोन ठेवून मला म्हणाल्या, "नीट पार पाडायचा गं हा हिवाळा."

वाटेच्या दोन्ही कडांना त्यांनी बांबूच्या काठ्या रोवल्या. बर्फात कड दिसावी म्हणून तिथे सगळेच रोवतात. अक्कांनी मात्र काठ्यांना ब्लाउजपीस बांधले. ओटीत आलेले, ट्रंक भरून होते त्यांच्याकडे. लाल, पिवळे, मोरपंखी. "एवढे ब्लाउज मी सात जन्मांत शिवणार नाही," म्हणाल्या. कुठला कोणी दिला ते त्यांना पाठ होतं, आणि काठ्यांनाही तीच नावं पडली. मला बजावायच्या, "वन्संच्या पलीकडे पाय टाकू नकोस, तिथे गटार आहे." किंवा, "थोरल्या जाऊबाई आल्या की वळायचं." वन्सं आणि जाऊबाई तिकडे गावाकडे, आणि इथे त्यांच्या नावाने वाट ओळखायची. हे गेल्यापासून नवा एकही आलेला नाही, असं त्या एकदा गाठ मारता मारता म्हणाल्या होत्या. माझंही तसंच होतं. मी नुसतं दुसरं टोक धरलं.

कड अक्कांना दिसायची. मधलं बघायचं काम माझ्याकडे आलं. ट्रॅक्टरच्या बाजूने चालायचं आणि वाटेत काही दिसलं की सांगायचं. पण त्या इंजिनाच्या आवाजात माझं बोलणं कुठलं पोहोचणार? दुकानात मीठ मागायचं तरी मी दोनदा मनात म्हणून बघते. अक्कांनी माझ्या गळ्यात एक शिट्टी अडकवली. मी म्हटलं, "अहो अक्का, बायकांनी शिट्टी वाजवायची?" त्या म्हणाल्या, "इथे कोण सासू बसलीय तुझी? वाजव." पहिल्या दिवशी मी पदराआडून फुंकली. नंतर सवय झाली. मी फुंकली की त्या थांबायच्या, मी जवळ जाऊन सांगायचे, त्या पुढे निघायच्या. अर्धाअधिक हिवाळा आम्ही असा काढला. मुलाचा फोन आला की अक्का तिथल्या लोकांसारखं अगदी ऐटीत सांगायच्या, "स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास.

मग एकदा रात्रभर बर्फ पडला. उशिरा आलेल्या एका कुटुंबाला खोलीपर्यंत गाडी नेता आली नाही म्हणून ती वाटेतच सोडून ते चालत आत गेले होते. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. गाडी पांढरी, वरून बर्फ. सकाळी तिथे नुसता एक उंचवटा होता. वाऱ्याने तसे ढीग साचतातच, म्हणून मलाही आधी काही वाटलं नाही.

अक्का उलट्या चालल्या होत्या. यंत्र त्या ढिगाच्या अगदी जवळ गेलं तेव्हा मला बर्फातून बाहेर आलेला गाडीचा आरसा दिसला. मी शिट्टी फुंकली. आवाजच आला नाही. आतला मणी गोठला होता. पुन्हा फुंकली, नुसती हवा. यंत्र थांबेना.

मी ओरडले, "अगं थांब! थांब गं बाई!"

एवढ्या मोठ्याने मी उभ्या आयुष्यात कधी ओरडले नव्हते. अक्कांना मी कधी अगं म्हटलं नव्हतं. त्यांनी इंजिन बंद केलं. पाती आणि गाडीचं दार यांच्यात वीतभर जागा राहिली होती.

अक्का खाली उतरल्या. हातांनी चाचपत चाचपत त्यांनी काचेवरचा बर्फ बाजूला केला आणि मान वळवून तिरकं आत बघितलं. आत कोणी नव्हतं. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली होती. अक्का बराच वेळ काचेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "कोणी बघितलं नाही, अक्का. गाडीला ओरखडासुद्धा नाही. काही झालेलंच नाही."

"तू होतीस म्हणून नाही झालं."

"मग मी आहेच की रोज."

"उद्या तुला ताप आला तर?" त्या म्हणाल्या. "मी काय घरात बसणार आहे? एकटी निघणार. मी कशी आहे ते मला ठाऊक आहे गं."

खरंच होतं ते.

आत जाऊन त्यांनी मुलाला फोन लावला. "ये रे. विकू," एवढंच म्हणाल्या. तो घाबरला. पडलीस का, कुठे लागलं का, असं विचारू लागला. काही लागलेलं नाही हे कळल्यावर तोच उलट म्हणू लागला की हिवाळा तरी संपू दे, मी घाई करत नाही. इतके दिवस जो ये ये म्हणत होता तो आता थांब म्हणत होता, आणि अक्का त्याला समजावत होत्या. फोन ठेवून त्यांनी कोपऱ्यातली दोन फावडी काढली. उरलेली वाट आम्ही हातांनीच मोकळी केली. गाडीवाला उठून आला, तोही लागला फावडं मारायला. किती वाईट बर्फ पडला रात्री, असं काहीसं तो म्हणाला. अक्का त्याला हो हो म्हणाल्या.

वसंतात मोटेल विकलं गेलं. ट्रॅक्टर एक शेतकरी घेऊन गेला. अक्का ऑकलंडला गेल्या. नव्या मालकांनी मला कामावर ठेवलं. बर्फासाठी ते कंत्राटदाराला बोलावतात, तो मोठं यंत्र घेऊन येतो.

पुढच्या हिवाळ्यातला पहिला बर्फ पडला त्या सकाळी मी चादरी मशीनमध्ये टाकत होते, तेव्हा अक्कांचा फोन आला. मुलगा, सून, नातवंडं अजून झोपलेली होती, म्हणून त्या हळू बोलत होत्या. म्हणाल्या, "सगळं चांगलं आहे गं इथे. पण बर्फ पडत नाही. पहाटे उठून करायचं काय तेच कळत नाही."

बाहेर कंत्राटदाराचं काम चालू होतं. मी दार उघडलं आणि फोन धरलेला हात बाहेर काढला. यंत्र वाटेच्या टोकापर्यंत जाऊन परत येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

मग फोन पुन्हा कानाला लावला. अक्का म्हणाल्या, "यंत्र मोठं आहे. पण घाई करतोय." आणि मग, "दार लाव आता. हात गारठले असतील तुझे."